तिसरा शब्द

एकतीस वर्षं मी नावं ठेवत आले.
माणसांना ठेवतात तशी नव्हेत.
बारीक निबेनं, न पुसणाऱ्या शाईत,
तार्तूच्या संग्रहालयातल्या तळघरात,
जिथं कवट्या खोक्यांत निजतात
आणि रेडिएटर रात्रभर कण्हत असतो.

आले तेव्हा सोपं होतं.
डावं कपाट कानिस फॅमिलिॲरिस, घरचा.
उजवं कपाट कानिस लुपस, रानचा.
मधे एक माणूस जाईल एवढी वाट.
ज्या जुन्या लॅटिन ग्रंथात ही नावं प्रथम पडली
त्यात कुत्रा ओळखलाय शेपटीवरून:
वर वळलेली, डावीकडे.
अडीचशेच्या वर वर्षं झाली,
ती काही सरळ झालेली नाही.

मग वरून कळवलं गेलं,
कुत्रा वेगळा नाही, लांडग्याचीच पोटजात.
कानिस लुपस फॅमिलिॲरिस.
मधे एक शब्द घुसला
आणि मी चारशे बारा चिठ्ठ्या पुन्हा लिहिल्या.
एका पेकिनीजच्या खोक्याशी हात थांबला.
संत्र्याएवढी कवटी, दात दाटीवाटीनं,
जन्मभर बशीतलं दूध प्यालेली.
लिहिलं. लुपस.
आता काही विद्वान म्हणतात, नको, वेगळाच धरा.
म्हणून हल्ली मी पेन्सिल वापरते.

फेब्रुवारीत उर्मास आला,
व्होरूकडचा, मेंढ्यावाला.
टेबलावर पोतं ठेवलं, त्यात दोन डोकी,
बर्फात राहून दगड झालेली.
"हा पोंतू," तो म्हणाला.
"आणि हा,"
पुढं बोलला नाही.
त्यांच्याकडे अजून त्याचं नाव घेत नाहीत,
घेतलं की तो कुंपणाशी येऊन उभा राहतो.
म्हणतात करड्या कोटवाला.
म्हणतात झुडपातला विल्लेम.
आणि अगदीच भीती वाटली तर, लाडानं,
रानातलं कुत्र्याचं पिल्लू.

पोंतू गोठ्याच्या दारात मेला, साखळीसकट.
तीन दिवसांनी परवान्याची गोळी सुटली.
"दोघांना काय लिहिता?" त्यानं विचारलं.
पहिले दोन शब्द तेच, मी म्हटलं.
पोंतूला तिसरा एक जादा आहे.
"त्याचा अर्थ?"
घरचा.
तो बराच वेळ हातमोजा उलटा करत बसला.
"म्हणजे साखळीचा," तो म्हणाला.

मी मान हलवली असेन, नसेनही.
मला दिसत होती एका कुळाची दोन घरं,
एक चुलीपाशी गेलं, एक गेलं नाही,
आणि मधे पंधरा-वीस हजार वर्षांचा बांध.
त्याच्यावरून ही भाऊबंदकी.
कोर्टात गेली असती
तर दोघांनीही एकच आडनाव सांगितलं असतं.

संध्याकाळी मोजपट्टी काढली.
कपाळाचा उतार, जबड्याची लांबी,
मागच्या दाढेची रुंदी.
आकडे निमूट वेगळे झाले,
एक इकडे, एक तिकडे, शंकेला जागा नाही.
तरी खोकी मी एकाच खणात ठेवली.
तात्पुरती, असं वहीत लिहिलंय.
पोंतूच्या चिठ्ठीवर तिसऱ्या शब्दाची जागा
अजून कोरी आहे.
मला घर लिहायचं होतं,
हात साखळीपाशी अडला.

उर्मासला सोडायला वर गेले होते.
त्याच्या गाडीच्या काचेआड काहीतरी हललं,
चार आठवड्यांचं, काळं, पोट सुटलेलं.
"नाव काय?"
"ठेवलं नाही. कुठल्या हाकेला येतं ते बघू आधी."
त्यानं दार उघडलं आणि जीभ टाळ्याला लावून
एक आवाज काढला, कुठल्याच भाषेतला नसलेला.
ते सीटवर धडपडत उठलं.
शेपूट होतं, करंगळीएवढं,
अजून कुठंच न वळलेलं.